पार्किंगमधली दहा मिनिटं

आलेलं पत्र (थोडं आटोपतं करून) :

‘ताई, मी ३४ वर्षांची, पुण्यात एका बँकेत अधिकारी आहे. नवरा चाकणला नोकरी करतो, सकाळी साडेसहाच्या कंपनी बसने जातो. मुलगी पाच वर्षांची. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांचे गुडघे दुखतात. गेल्या महिन्यात माझं प्रमोशन झालं आणि पोस्टिंग मिळालं सोलापूर. नाकारलं तर पुढची काही वर्षं यादीत नाव येणार नाही. महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचंय. नवरा म्हणतो, “तू ठरव, मी कुठे अडवतोय?” नणंद म्हणते, “निवड तुझी आहे.” आई म्हणते, “तुला लहानपणापासूनच घराची ओढ कमी.” सासूबाईंना दुसरं नातवंड हवंय. आणि एक गोष्ट कोणालाच सांगता येत नाही. रात्री नवऱ्याचा हात अंगाला लागला तरी नको वाटतं. त्याच्यावर प्रेम नाही असं नाही. तो म्हणतो, तू बदललीस. हल्ली बँकेतून आले की गाडी पार्किंगमध्ये लावते आणि दहा मिनिटं तशीच बसून राहते. वर जावंसं वाटत नाही. मी स्वार्थी आहे का? की माझ्यातच काही बिघाड झालाय?’

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगंच करते. तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल. तू स्वार्थी नाहीस. तुझ्यात बिघाडही झालेला नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. मी आयुष्यभर समाजशास्त्र शिकवलं, बायकांचं काम आणि घर हाच माझा विषय. तुझ्या पत्रातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी कुणाच्या ना कुणाच्या अभ्यासात वाचलेलं आहे. ज्या गोष्टीला तू तुझा स्वभाव समजतेस, ती हजारो घरांत तशीच्या तशी घडते आहे.

‘निवड तुझी आहे’ या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तुला सगळ्यात जास्त तेच टोचलेलं दिसतं. पामेला स्टोन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी मोठमोठ्या पदांवरच्या नोकऱ्या सोडून घरी बसलेल्या ५४ स्त्रियांशी सविस्तर बोलून एक अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बायका म्हणायच्या, ‘मीच ठरवलं.’ पण बोलणं पुढे गेलं की निघायचं ते वेगळंच. ऑफिसचे तास कमी होत नव्हते, कमी वेळाचं काम मागितलं की चांगलं काम हातून जायचं, आणि नवरा म्हणायचा, तुला हवं ते कर. स्वतःचा दिवस मात्र तो अर्ध्या तासानेही हलवायचा नाही. तुझ्या नवऱ्याचं वाक्य तिथे, सात समुद्रापलीकडे, जसंच्या तसं आहे. तो तुला खरंच अडवत नाहीये, हे मी मानते. पण न अडवणं वेगळं आणि वाट करून देणं वेगळं. सगळ्यांनी मिळून एक गाठोडं तुझ्या डोक्यावर ठेवलंय आणि म्हणताहेत, उचलायचं की नाही ते तू बघ.

आईचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. तिच्या पिढीला स्वभाव हेच एक कारण माहीत होतं. कॅथलीन गर्सन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या ६३ स्त्रियांची आयुष्यं तपासली. लहानपणी घरसंसाराचीच स्वप्नं पाहिलेल्या कित्येकजणी पुढे नोकरीत रमल्या आणि नोकरी करायचीच म्हणून निघालेल्या कित्येकजणी घरात स्थिरावल्या. फरक पडला तो लग्न टिकण्या-न टिकण्याने, नवऱ्याच्या पगाराने, कामावर वर चढायला वाव मिळतोय की नाही याने. भातुकली किती खेळलीस याने नाही. तुला प्रमोशन मिळालं ते तू काम चांगलं केलंस म्हणून. घराची ओढ कमी आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही.

आता त्या दहा मिनिटांकडे येते. पत्रातली ती ओळ वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला. गाडी स्टँडवर, हेल्मेट मांडीवर, वरच्या मजल्यावर दिवा दिसतोय, आणि तू खाली. ती दहा मिनिटं कामचुकारपणाची नाहीत. दिवसभरातली तेवढीच तुझी आहेत, बँकेचीही नाहीत आणि घराचीही नाहीत.

आपल्या देशात बायकांचा दिवस कुठे जातो हे मोजायचं मनावर घ्यायला फार वर्षं लागली. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने पहिल्यांदाच देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. सुमारे १ लाख ३८ हजार घरांत जाऊन सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला विचारलं : काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, दर अर्ध्या तासाला काय करत होतात? घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका निघाल्या शंभरातल्या ८१, पुरुष २६. त्या दिवशी ज्यांनी हे काम केलं, त्यांत बाईची सरासरी भरली २९९ मिनिटं आणि पुरुषाची ९७. वर्तमानपत्रांत हेच दोन आकडे छापून आले, आणि लोकांना वाटलं, चला, पुरुषही दीड तास करतात की. पण ही ९७ मिनिटं फक्त त्या २६ जणांची आहेत. बाकीच्या ७४ जणांनी त्या दिवशी घरकामाला बोटही लावलेलं नाही. त्यांनाही धरून सरासरी काढली तर पुरुषामागे जेमतेम २५ मिनिटं येतात आणि बाईमागे २४३. म्हणजे चार तासांहून जास्त. मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं करणं यात नाही, ते वेगळं मोजलंय.

मी कॉलेजात असताना दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक काम द्यायची : आईचा कालचा दिवस लिहून आणा. एका मुलाने एकच ओळ आणली, ‘आई घरीच असते.’ मी रागावले नाही. त्याला म्हटलं, रविवारी दिवसभर घरी थांब आणि नुसतं बघ, मध्ये पडू नकोस. सोमवारी त्याने चार पानं आणली. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे : ‘रात्री जेवताना आई सात वेळा उठली.’ एकदा मीठ, एकदा पाणी, एकदा बाबांसाठी गरम पोळी, असं त्याने सातही वेळांपुढे लिहिलं होतं. वर्गात वाचून दाखवताना त्याचा आवाज बसला. त्या घरात कुणी वाईट नव्हतं. कुणी बघितलंच नव्हतं, इतकंच.

आणि हे झालं हातापायांचं काम. डोक्यातलं काम तर सर्वेक्षणाच्या तक्त्यात जेमतेमच उतरतं. अॅलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला ३५ जोडप्यांचा अभ्यास तुला वाचायला द्यावासा वाटतो. त्यांनी या कामाच्या चार पायऱ्या सांगितल्या : गरज आधी ओळखायची, पर्याय शोधायचे, ठरवायचं, आणि मग ते झालं का यावर लक्ष ठेवायचं. ठरवण्याची पायरी नवरा-बायको बऱ्यापैकी वाटून घेतात. पहिली आणि शेवटची मात्र बहुतेक बाईकडे असते. तुझ्याच घरातलं उदाहरण घे. शाळेचं स्नेहसंमेलन आलं. ग्रुपवर रात्री अकराला आलेला मेसेज कोणी वाचला? मुलीला नऊवारी लागणार हे कोणाच्या लक्षात आलं? तुळशीबागेत कोण गेलं, भाड्याने कुठे मिळते ते कोणी विचारलं? नवऱ्याला फोटो पाठवून विचारलंस, हिरवी की लाल? तो म्हणाला, लाल. त्याच्या मते दोघांनी मिळून ठरवलं, आणि तो खोटं बोलत नाहीये. पण दोन दिवस आधी ती घालून बघितली, ब्लाउज सैल होतो म्हणून रात्री टाके घातले, ते कोणी? तू पार्किंगमध्ये बसतेस तेव्हा तुझे हात रिकामे असतात, डोकं नसतं. वर गेलं की पहिल्या मिनिटापासून चारही पायऱ्या तुझी वाट बघत उभ्या असतात.

म्हणून आता रात्रीचं बोलते. इथे संकोच नको. आपल्या भाषेत या विषयावर वाचकांच्या पत्रांना खुली उत्तरं देण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. खटले अंगावर घेतले, पैशाची ओढाताण सोसली, पण बाईलाही कामसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे हे म्हणणं सोडलं नाही. तेव्हा तू जे लिहिलंस ते ‘कोणालाच सांगता येत नाही’ असं अजिबात नाही.

इच्छा न होणं हा अनेकदा शरीराचा नसून दिवसाचा परिणाम असतो. पुरुष जोडीदार आणि मुलं असलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. घरकामाची वाटणी जितकी एकतर्फी, तितकी जोडीदाराबद्दलची इच्छा कमी, असं त्यात दिसलं. आणि त्यामागे दोन गोष्टी सापडल्या. एक, हे न्यायाचं नाही ही भावना. दुसरी अधिक बोलकी आहे : नवरा जोडीदार न वाटता आपल्यावर अवलंबून असलेलं आणखी एक मूल वाटू लागणं. ज्याचा डबा भरायचा, ज्याचे मोजे शोधून द्यायचे, ज्याला डॉक्टरच्या वेळेची आठवण करायची, त्याच्याकडे रात्री अकरा वाजता प्रियकर म्हणून बघायचं, हे मनाला जमत नाही. यात तुझं प्रेम कमी झालेलं नाही. प्रेमाला जागा उरलेली नाही.

कोणी तुला असंही सांगेल की नवऱ्याला घरकामाला लावलं की ओढ जाते. २०१३ मध्ये अमेरिकेतला तशा अर्थाचा एक निबंध फार गाजला होता. त्यातली माहिती आधीच्या शतकातल्या जोडप्यांची होती. २०१६ मध्ये डॅनियल कार्लसन आणि सहकाऱ्यांनी २००६ सालच्या जोडप्यांची माहिती घेऊन तेच पुन्हा तपासलं. कामं समसमान वाटून घेणाऱ्यांमध्ये शरीरसंबंध कमी नव्हते आणि समाधानही कमी नव्हतं.

तरीही एक कर. रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. स्त्रीरोगतज्ज्ञाला मोकळेपणाने सांग. थकवा आणि इच्छा यांचा या दोन्हींशी संबंध असतो आणि आपल्याकडच्या बायका तो वर्षानुवर्षं अंगावर काढतात. आणि नवऱ्याशी याबद्दल बोलायचं ते अंथरुणात नको. तिथे बोललेलं नकार म्हणूनच ऐकू येतं. रविवारी सकाळी चहा घेताना बोल. ‘मला तू नको आहेस असं नाही, मला दिवस संपल्यावर कोणीच नको असतं’ हे तुझ्याच शब्दांत सांग. तोवर ज्या रात्री नको असेल त्या रात्री नको म्हण. लग्न झालं म्हणून होकार गृहीत धरायचा नसतो, आणि मन मारून दिलेल्या होकाराने तुमच्यातलं अंतर वाढेलच.

दुसऱ्या मुलाचं सोलापूरशी बांधू नकोस. तो वेगळा निर्णय आहे आणि तो सासूबाईंचा नाही. तुम्हा दोघांचा आहे, शरीराच्या बाबतीत तर आधी तुझा. हवं असेल तर जरूर होऊ दे, पण मुलाची किंमत कोण मोजतं हे माहीत असू दे. डेन्मार्कसारख्या देशात, जिथे पाळणाघरं आहेत, लांब रजा आहेत, तिथेही पहिल्या मुलानंतर बायकांची कमाई पुरुषांच्या मानाने सुमारे २० टक्क्यांनी खाली जाते आणि वर्षानुवर्षं खालीच राहते. पुरुषांची जागची हलत नाही. आणि नको असेल, तर ऑपरेशन तूच करायचं असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांकडे बाईची नसबंदी झालेली होती आणि पुरुषाची फक्त ०.३ टक्क्यांकडे, खरं तर पुरुषाची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी. कर्वे यांनी त्यांच्या काळातही ती स्वतःवर करून घेतली होती. मूल नको हे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी ठरवलं, आणि निभावलं.

आता सोलापूर.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या कमाईचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडल्याबद्दल. त्यांनी दाखवलं की आज एकाच पेशातल्या स्त्री-पुरुषांच्या पगारातली दरी मुख्यतः पहिल्या मुलानंतर पडते. काही नोकऱ्या हावऱ्या असतात, हवं तेव्हा हाजिर राहणाऱ्यालाच भरभरून देतात. मग घरात एकजण हावरी नोकरी धरतो आणि दुसरा आवाक्यातली. तुमच्याकडे आजवर साडेसहाची बस आणि ओव्हरटाइम हे अढळ राहिलं, आणि तुझी शाखा घराजवळ असली पाहिजे हेही अढळ राहिलं. ही व्यवस्था कोणी कधी बोलून ठरवलेली नाही. म्हणूनच ती बदलायचं म्हटलं की सगळ्यांना तू काहीतरी मोडते आहेस असं वाटतं.

माझा कल विचारशील तर जा. मी हे हलकेपणाने म्हणत नाही, पाच वर्षांच्या मुलीपासून पाच-सहा दिवस लांब राहणं काय असतं ते मला कळतं. पण सोलापूर म्हणजे परदेश नव्हे, वंदे भारतने काही तासांचा प्रवास आहे, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी तुला दोन दिवस मिळतात. त्याआधी बँकेकडून चार गोष्टी लेखी माग : किती वर्षांचं पोस्टिंग, लहान मूल असलेल्या अधिकाऱ्यांसाठी बदलीत काही सवलत आहे का, परत पुण्याला मागणी कधी करता येते, नकार दिल्यास नेमकं काय होतं. सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्यावर ठरवू नकोस, परिपत्रक स्वतः वाच. आणि शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुलगी पुण्यातच तिच्या बाबांजवळ राहिली तर तिचं काही बिघडणार नाही. उलट वेणी घालता येणारा बाबा तिला मिळेल.

एका गोष्टीची मात्र मला भीती आहे. तू गेल्यावर तुझं काम नवऱ्याकडे न जाता सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांवर जाऊन बसेल. म्हणून नवऱ्याला ‘मी जाऊ का?’ असं विचारू नकोस. असं विचारलंस की तो पुन्हा ‘तू ठरव’ म्हणेल आणि दोघंही जिथल्या तिथे. त्याला सांग, ‘मी सोलापूरला असेन तेव्हा सोमवार ते शनिवार हे घर कसं चालेल, ते तू लिहून काढ.’ सकाळी साडेसहाला तो निघतो, मग मुलीला उठवून शाळेच्या रिक्षात कोण बसवणार? त्याला शिफ्ट बदलून मिळेल का? त्याने कधी मागितली आहे का? माझा अंदाज, नसेल. पुरुषाने घरासाठी शिफ्ट बदलून मागायची असते हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. त्याने मागावी आणि साहेबांनी नाही म्हटलं तर नाही म्हणू दे, पण मागितलेली असू दे. मगच तुमची दोघांची खरी कोंडी कुठे आहे ते कळेल.

पोळ्यांना मावशी लावा. जास्तीच्या पगारातून तो पहिला खर्च करा आणि तो तुमच्या दोघांचा खर्च धरा, ‘हिच्या नोकरीचा’ नव्हे. मावशींना आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाचे पैसे द्या. त्याही पाच घरच्या पोळ्या लाटून स्वतःच्या घरी सहावी चूल पेटवतात.

आणि तो लिहायला बसेल तेव्हा त्याच्यापुढे काहीतरी असायला हवं, म्हणून एक आठवडा आधी हे करा. दोन वह्या आणा, एक तुझी, एक त्याची. पहाटे चार ते पहाटे चार, दर अर्ध्या तासाला एक ओळ. केलेलं लिहायचंच, पण कोणाला काय आठवलं तेही लिहायचं : गॅस संपत आलाय, लसीची तारीख, आईंचं गुडघ्याचं तेल. एकमेकांच्या वह्या मधे वाचायच्या नाहीत. रविवारी चहाबरोबर उघडायच्या. तो टाळाटाळ करेल, हसण्यावारी नेईल, तर नेऊ दे, तू तुझी भर. माझ्या अनुभवात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुसरी वही आपोआप भरायला लागते, कारण रिकामा रकाना माणसाला स्वतःलाच दिसतो.

महिनाअखेर जवळ आहे, तेव्हा उद्याच सुरू कर. आणि संध्याकाळी पावणेसातच्या ओळीत ती पार्किंगमधली दहा मिनिटंही लिही. ती गाळू नकोस.

तुझी,
ताई